पोपटाचं उष्टं

पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घातला की मुकं लेकरू बोलायला लागतं, हे साळूबाईनं तिच्या आजेसासूकडून ऐकलं होतं, आणि आजेसासूचं कुठलंच म्हणणं आजवर खोटं निघालेलं नव्हतं. नात चार वर्षांची होऊनही तोंडातून शब्द काढीना, तेव्हा साळूबाईनं गावातलं एकही पेरूचं झाड सोडलं नाही. सकाळी उठावं, कुणाच्या तरी मळ्यात शिरावं, मान आखडेस्तोवर फांद्यांकडं बघत हिंडावं, आणि उष्टा पेरू सापडला की पदराला पुसून कौशीच्या हातात द्यावा. गुडघे धड नव्हते, तरी म्हातारीनं हे व्रत मोडलं नाही. कौशीला पेरू आवडायचा. ती सगळा गर खायची आणि बिया दाताखाली करकर वाजवत बसायची.

आणि पावसाळ्यात एक दिवस कौशी बोलली.

बेबीनंदा भाकरी थापत होती. कौशीची ती आई, रोजच्यासारखं तिनं सवयीनं विचारलं, "भाकर खातीस का?" उत्तराची आशा तिनं कधीच सोडली होती. तर पाठीमागून स्वच्छ आवाज आला, "भाकर खातीस का?"

तव्यात पडायची भाकर चुलीत पडली. साळूबाईनं गल्लीभर गूळ वाटला. कौशीचा बाप साहेबराव घनसावंगीच्या रस्त्यावर जीप चालवायचा. त्यानं त्या दिवशी जीपमध्ये बसलेल्या सगळ्यांना सांगितलं, ओळखीच्यांना आणि बिनओळखीच्यांनाही. टपावर बसलेल्यांना खाली उतरल्यावर सांगितलं.

पण गुळाची गोडी फार दिवस टिकली नाही. कौशी बोलायची ते सगळं दुसऱ्याचंच असायचं. "नाव काय तुझं?" विचारलं की ती म्हणायची, "नाव काय तुझं?" "गप बस" म्हटलं की "गप बस". दुपारी एकटीच भिंतीला टेकून बापाच्या आवाजात ओरडायची, "चला घनसावंगी, घनसावंगी, एक शीट, एकच शीट!" हाक मारली तर मात्र वळून बघायची नाही. जवळ जाऊन हनुवटी धरली तरी डोळ्याला डोळा द्यायची नाही. झग्याची शिवण टोचली की तो काढून फेकायची आणि उघडीच गल्लीतून पळत सुटायची. मागून बेबीनंदा "कौशी! ए कौशी! कुठं चाललीस गं माय?" करत धावायची. रोजचं होतं ते.

साळूबाईनं सगळा दोष स्वतःकडं घेतला. "माझंच चुकलं गं माय. दोन-चार पेरूत भागलं असतं. मी झाडंच्या झाडं खाऊ घातली. पोपटाचं उष्टं जास्ती झालं लेकराला."

साहेबराव लेकीला जालन्याला घेऊन गेला. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं कानामागं घंटी वाजवून बघितली, कौशीपुढं ठोकळे टाकून ती काय करते ते निवांत बघितलं आणि सांगितलं, कान चांगले आहेत, पोरगी वेडी नाही, तिच्या मेंदूची घडणच वेगळी आहे. याला औषध नाही. तिच्याशी खूप बोला, मारू नका, माणसांत ठेवा. त्या घडणीला त्यानं एक इंग्रजी नावही सांगितलं. साहेबरावानं ते अंबडपर्यंत घोकत आणलं. पुढं माणसांच्या चढउतारीत ते कुठल्या थांब्यावर उतरलं ते त्यालाही कळलं नाही. बेबीनंदाच्या ध्यानात मात्र शेवटचं बोलणं पक्कं बसलं. माणसांत ठेवा.

सांगणं सोपं होतं. तोंडावर कापूस आला होता.

त्या साली, सत्त्याण्णवला, दिवाळी झाली तरी आभाळ उघडत नव्हतं. कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता आणि वर ढग. एक सर आली की कापसाची कवडी व्हायची, वर्षाचं काम पाण्यात. मजूर मिळत नव्हते, म्हणून पाच घरच्या बायांनी सावड केली होती. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही, हाताची फेड हातानं करायची. सावडीची म्होरकी द्वारकाबाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि वेचणीत तिच्या हाताला तोड नव्हती. बेबीनंदाचं रान नाल्याच्या खालच्या अंगाला, त्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

पहिल्या दिवशी बेबीनंदा कौशीला सासूपाशी ठेवून गेली. दिवस मावळायला ती ओटीला चिकटलेला कापूस झाडत घरात शिरली, तर कौशी घराच्या मेढीपाशी, मधल्या खांबापाशी बसलेली. पायाला लुगड्याची चिंधी, चिंधीचं दुसरं टोक मेढीला. ओढून ओढून घोट्याला लाल वळ पडला होता. कौशी रडत नव्हती. चिंधीचे धागे एकेक काढून जमिनीवर ओळीनं मांडत होती.

"आत्याबाई, हे काय?"

"काय करू मंग?" साळूबाईच्या डोळ्याला पाणी होतं. "हिरीकडं पळाली व्हती. माझे पाय हे आसे. मी आरडत सुटले तर ही वळून बी बघंना. आत पडली आसती म्हंजी? बांधली म्हणून हाय तरी."

म्हातारीचं खोटं नव्हतं. बेबीनंदानं चिंधी सोडली, घोट्याला खोबरेल लावलं, आणि दुसऱ्या दिवशी कौशीला कडेवर घेऊन वेचणीला गेली. पुन्हा ही चिंधी बांधायची नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं. त्यापुढचं काहीच ठरलेलं नव्हतं.

रानात कौशी सुरुवातीला सगळ्यांना आवडली. बांधावर बसून गुणगुणायची. बोंडांची टरफलं ओळीनं मांडायची, एक वाकडं झालं की सगळी मोडून पुन्हा मांडायची. मध्येच उठायची, बायांच्या ओळीत शिरायची आणि एखादीच्या पदराला धरून गोड आवाजात विचारायची, "पाणी पितीस का माय?"

"अगं, केवढी गुणाची!" चांगुणाबाई म्हणायची. "आपल्या पोरी तांब्या म्हणून देत न्हाईत. नको गं माय, आत्ताच पेले."

"पाणी पितीस का माय?"

"नको म्हणलं ना राणी. काम करू दे."

कौशी तिथंच उभी राहायची. पुन्हा विचारायची, मग पुन्हा. आवाज चढत जायचा. शेवटी ती अंग टाकून द्यायची, ढेकळांवर डोकं आपटायची, वेचलेला कापूस उधळायची. बेबीनंदा काम सोडून धावायची, तिला छातीशी घट्ट धरून बसायची. तोवर तिची ओळ मागं पडायची आणि दुसऱ्या कुणाला तरी ती पुरी करावी लागायची. एकदा झालं, दोनदा झालं. बायांच्या नजरा ओळीवरून ओळीवर जायच्या, आणि त्या नजरा बेबीनंदाला पऱ्हाटीच्या टोकदार बोंडांपेक्षा जास्त टोचायच्या.

द्वारकाबाईच्या रानात ते टोकाला गेलं. ऊन ढगाआडून भाजत होतं. कौशीनं द्वारकाबाईचा पदर धरला, "पाणी पितीस का माय?"

"नको," द्वारकाबाई म्हणाली.

"पाणी पितीस का माय? पाणी पितीस का माय?"

"नको म्हणलं न्हवं! घागर सांडशील तिकडं!" आणि द्वारकाबाईनं घागरीवर पालथा ठेवलेला तांब्या काढून पदराखाली घेतला.

कौशी तिच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं.

बाया धावल्या. कुणी हळद शोधली, कुणी मातीच दाबली. बेबीनंदानं कौशीच्या पाठीत धपाटा घातला. द्वारकाबाई मनगट धरून बांधावर बसली. तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"बेबीनंदा, तुझं दुःख मला दिसतं. मी काय दगड न्हाई. पण सगळ्यांचा कापूस वावरात उभा हाय अन् वर आभाळ बघ. उद्या इमामबीच्या रानात एवढा दिवस पोरीला आण. परवापून तिला घरी ठेव, न्हाई तर तुझी सावड मोडली आसं समज."

"घरी चिंधी हाय, आक्का. बांधून ठेवावं लागतं."

"मंग बांध. आमची वासरं न्हाईत का दाव्याला?"

बोलली आणि तिनंच मान खाली घातली. पण बोललेलं मागं घेतलं नाही.

घरी जाताना बेबीनंदाला वाट दिसत नव्हती. सावड मोडली तर नाल्याकाठचा कापूस एकटीच्यानं निघणार नव्हता. आणि सावड ठेवायची तर कौशी मेढीला. साहेबरावानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी जीपमधी घेऊन जातो तिला." दोघांनाही ठाऊक होतं, की तसं होणार नाही. चालत्या जीपमधून ती पहिल्याच वळणावर उतरायची.

इमामबीचं रान गावाला लागूनच होतं. इमामबी सावडीतलीच, पिंजाऱ्याघरची, साळूबाईच्या बरोबरीची, पण पाठ अजून ताठ. घरात तिची बोली वेगळी आणि बायांत आल्यावर वेगळी. सकाळीच तिनं बोरीच्या सावलीत एक जुनी गोधडी अंथरली, कौशीला त्यावर बसवलं आणि आपल्या जर्मनच्या पेल्यात पाणी घेऊन तिच्या तोंडापुढं धरलं, जसं घरी नातवंडांपुढं धरायची तसंच. "पानी पिती क्या बेटी?"

कौशी घटाघटा प्याली. इमामबी कामाला लागली.

दुपारपर्यंत बरं चाललं. वारं पडलं होतं, अंगाला घामाच्या धारा. बेबीनंदा एक डोळा कापसावर आणि एक बोरीखाली ठेवून वेचत होती. आज तरी निभावू दे, एवढंच तिच्या मनात. आणि कौशी उठली. सरळ इमामबीच्या ओळीत शिरली, तिची ओटी धरली आणि म्हणाली, "पानी पिती क्या बेटी?"

बायांत हशा पिकला.

"घ्या!" चांगुणाबाई म्हणाली. "इमामबी, म्हातारपणी बेटी झाल्या की तुम्ही!"

इमामबीही हसली. "हौ माँ, पीती मैं," असं काहीतरी गमतीनं म्हणणारच होती. मग तिचं हसू थांबलं. ती कौशीच्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"थांबा गं," ती म्हणाली. "मी हिची बेटी कशी?"

"लेकरू हाय. तोंडाला आलं ते बोललं."

"न्हाई, न्हाई. सकाळी पाणी पाजताना मी बोलले ते हेच. अक्षर न् अक्षर हेच. ही मला इचारून न्हाई राह्यली. ही पाणी मागून राह्यली!"

कुणाला काही उमगेना. माय हा शब्द आपल्याकडं वरही चालतो आणि खालीही. म्हातारीला माय म्हणतात, मांडीवरच्या पोरीलाही माय म्हणतात. त्यामुळं कौशीचं बोलणं इतके दिवस सगळ्यांना सरळच वाटलं होतं. बेटी मात्र कुणी म्हातारीला म्हणत नाही.

इमामबीनं ओटी सोडून टाकली, लगबगीनं पेला भरून आणला. कौशीनं तो दोन्ही हातांनी धरला. एक पेला संपला, दुसरा संपला. पाणी गळ्यावरून पोटावर ओघळत होतं. तिसऱ्या पेल्यात तोंड घालून ती नुसतीच बुडबुडे काढत बसली आणि मग आपण होऊन बोरीखाली गेली, टरफलं मांडू लागली.

बेबीनंदा ओळीतच खाली बसली. तिला सगळं आठवत होतं. "भूक लागली का?" कौशी विचारायची, आणि ती चुलीपुढून म्हणायची, मला न्हाई लागली, माझं काम पडलंय. "झोप आली का माय?" कौशी विचारायची, आणि ती हसून म्हणायची, मला कुठली झोप! लेकरू उपाशी मागत होतं आणि आई स्वतःपुरतं उत्तर देत होती. मागाहून आदळआपट झाली की धपाटे देत होती. ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

इमामबी तिच्याजवळ उकिडवी बसली. "रो मत बेटी. मागतंय लेकरू. पावसाळ्यापून मागतंय. आपल्याला कळलं आज. शुकर हाय, आजच कळलं."

द्वारकाबाई मघापासून मनगटावरची पट्टी बघत उभी होती.

"म्हंजी काल ही तहानेनं मरून राह्यली व्हती," ती सावकाश म्हणाली, "आन् मी तांब्या लपिवला." आणि पुढं म्हणाली, "मी आसते तर मी बी चावले आसते. मी तर बोटच तोडलं आसतं."

मग एकदम नेहमीचा आवाज लागला, "ऊठ बेबीनंदा, रडू नको, ओळ मागं पडून राह्यली तुझी. आन् आता या पोरीला शिकवायचं कसं ते सांगा."

"सोपं हाय," चांगुणाबाई म्हणाली. "आपुन बोलतो तेच ती बोलती. मंग आपुनच तिच्या तोंडचं बोलायचं. पाणी देताना म्हणायचं, मला पाणी पाहिजे."

"येड लागलंय का, आपल्याला कुठं पाहिजे?"

"आगं, आपल्याला न्हाई, तिला. पण म्हणायचं मला!"

हे डोक्यात शिरायला बायांना एक अख्खी दुपार लागली. पण शिरलं ते पक्कं शिरलं. दुसऱ्या दिवशी चिंधीचा विषय कुणी काढलाच नाही. उलट द्वारकाबाईनं सकाळीच फर्मान काढलं, की आजपासून एकेकीनं पाळीनं पोरीपाशी बसायचं, तिला बोलतं करायचं, आणि ते काम सावडीत धरायचं, कापूस वेचल्यासारखंच.

"आक्का, मी हे कसं फेडू?" बेबीनंदानं विचारलं.

"तुला कुणी मागितलं? मला निवांत बसायला मिळतंय सावलीला, तुझ्या पोटात कामून दुखतंय?"

तर असं रानोरान सुरू झालं. द्वारकाबाईसारखी दांडगी बाई हातात भाकरी घेऊन एवढ्याशा पोरीपुढं बसायची आणि आर्जवानं म्हणायची, "मला भूक लागली. मला भाकर पाहिजे." एकदा रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं ते ऐकलं आणि ट्रॅक्टर थांबवला.

"मावशे, भाकर तर तुमच्याच हातात हाय की! लेकराला काय मागून राह्यल्या?"

"तू चल पुढं! आमचं आमाला कळतं!"

तो डोकं खाजवत गेला, आणि या रानातल्या बायांवर ढगाळ हवेचा परिणाम झालाय असं त्यानं पुढच्या गावात सांगितलं म्हणतात.

घरीही हेच. साहेबराव दिवसभर जीप चालवून दमून आला की लेकीला झोपवताना स्वतःच जांभई देऊन म्हणायचा, "मला झोप आली," आणि बऱ्याचदा तोच आधी झोपायचा. साळूबाई पेरू आणायची, आता पोपटानं न शिवलेला, निवडून. "मला पेरू पाहिजे," असं म्हणताना म्हातारीला लाज वाटायची. ती आधी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघून घ्यायची.

कौशी एकदम बदलली असं नाही. झगा अजून टोचायचाच. डोळ्याला डोळा अजून नव्हताच. कधी तिला काय पाहिजे ते कुणालाच कळायचं नाही, आणि मग ढेकळांवर डोकं आपटणं चुकायचं नाही. ज्या बाईची पाळी असेल ती तिचं डोकं मांडीवर धरून बसायची. पण एका दुपारी ती चांगुणाबाईपुढं उभी राहिली, ओठ हलवले आणि म्हणाली, "मला पाणी पाहिजे." चांगुणाबाईच्या हातून तांब्याच सुटला. बाया कामं टाकून बघायला आल्या. इमामबीनं दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. बेबीनंदानं काय करावं ते न सुचून द्वारकाबाईच्या पाया पडायला घेतलं, तर द्वारकाबाईनं तिला खांद्याला धरून उभं केलं आणि शिवी दिली. शिवी मोठी प्रेमाची होती, पण इथं लिहिण्यासारखी नाही.

बेबीनंदाच्या रानाची पाळी आली त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. वारं ओलं होतं. बाया दिवस उगवायलाच हजर झाल्या, इमामबी आपल्या सुनेलाही घेऊन आली. साळूबाई काठी टेकत आली आणि बांधावर बसल्या बसल्या कापसातला काडीकचरा वेचू लागली. साहेबरावानं घनसावंगीच्या फेऱ्या सोडून जीप नाल्यापलीकडं आणून लावली. गाठोडी डोक्यावर घ्यायची, नाल्यात उतरायचं, चढ चढायचा आणि जीपमध्ये टाकायची. हात भराभर चालत होते.

दिवस कलायला आला आणि शेवटच्या दोन-तीन ओळी राहिल्या. बेबीनंदा गाठोडं घेऊन नाल्यात उतरली, दिसेनाशी झाली. चार थेंब पडले. लांब कुठंतरी आभाळ गडगडलं.

बांधावर कौशी उठून उभी राहिली. टरफलांची ओळ अर्धी होती, ती तशीच राहिली. तिनं ओळींत बघितलं. या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. आणि मग पूर्ण गळा काढून, थेट बेबीनंदाच्या आवाजात, तिनं हाक मारली.

"कौशी! ए कौशी! कुठं चाललीस गं माय?"

चांगुणाबाईला हसू आलं. "आगं येडे, कौशी तूच न्हाईस का? सोतालाच हाका मारून राह्यली बघा!"

"कौशी! ए कौशी!"

द्वारकाबाईची कंबर सरळ झाली. ओटीतला कापूस तिच्या हातातच राहिला.

"गप गं चांगुणे," ती म्हणाली. "सोताला न्हाई."

आणि ती नाल्याकडं तोंड करून, सगळं शिवार ऐकेल अशा आवाजात ओरडली, "बेबीनंदा! आगं, पोरगी तुला हाक मारून राह्यली! ओ दे तिला!"

नाल्याच्या चढावर बेबीनंदा डोक्यावरचं गाठोडं धरून थांबली. तिला हाक ऐकू येत होती. रोज गल्लीतून, विहिरीकडून, उकिरड्यावरून ती हीच हाक मारत आली होती, आणि इतक्या वर्षांत तिला एकदाही ओ मिळाली नव्हती. तिनं गाठोडं तिथंच चिखलात टाकलं, पदर खोचला आणि मागं रानाकडं धावत सुटली.

"ओ!" ती ओरडली. "ओ! आले गं माय, आले!"